नवरंगाची शीळ

चिरंजीव भाच्यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, मोबाइलवर नवरंगाची ध्वनिमुद्रित शीळ वाजवून चिरंजीवाने त्या पक्ष्यास उघड्यावर आणले व त्याचे छायाचित्र टिपले, ही वार्ता ताईने मोठ्या कौतुकाने कळविली. परंतु ती ऐकल्यापासून मामाच्या जिवाला चैन नाही.

नवरंग पावसाच्या तोंडावर कोकणात येतो, तो वीण करण्यासाठी. पहाटे व तिन्हीसांजेला घातलेली त्याची दुपदरी शीळ म्हणजे इतर नरांना दिलेली ताकीद असते. तीच शीळ यंत्रातून आली की आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून तो पालापाचोळ्यातील किडे वेचणे टाकून देतो आणि नसलेल्या वैऱ्यास शोधत फांदीफांदीवर नाचतो. त्याचे घरटे जमिनीवर किंवा हाताला येईल अशा फांदीवर असते, काटक्या-पानांचा गोळा व बाजूने दार असे. तेथील राखण तेवढा वेळ सुटते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे धरले आहे, हे चिरंजीवासारख्या शिकलेल्या मुलास ठाऊक नसावे, याचे वाईट वाटते.

आजोबांसोबतचे सड्यावरचे फिरणे (सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार) चिरंजीव विसरला नसेल. तेथे काही मिळवायचे नसे. ओल्या कातळावर उकिडवे बसून सीतेच्या आसवांचे निळेजांभळे फूल पाहावे, त्याच्या मुळांसारख्या तंतूंवरील बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव कसे अडकतात ते ऐकावे, आणि रात्री दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’तील त्या महिन्याचा लेख वाचावा, एवढीच ती करमणूक होती. 1956 साली निघालेल्या त्या पुस्तकात बाराही महिन्यांचे रान आहे, आणि ते हाका मारून बोलावलेले नाही, वाट पाहून दिसलेले आहे. मोबाइलवरच्या शिळेने नेमके हे वाट पाहणेच नाहीसे होते.

रागावण्याचा अधिकार मामास कितपत आहे, हा प्रश्न निराळा. त्याच सड्यावर खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी टिटवीची चार अंडी त्याने शाळकरी वयात टोपीत घालून घरी आणली होती आणि खुराड्यातील कोंबडीखाली ठेवली होती. ती उबली नाहीत. टिटवी मात्र दोन रात्री त्या जागेवर ओरडत फिरत होती, आणि तो आवाज पन्नास वर्षांनंतरही पावसाळी रात्री कानी येतो. हे ताईला आजवर सांगितलेले नाही.

पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा पक्ष्यांशी परिचय झाला तोही लहानपणी त्यांच्या हातून मारल्या गेलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. चूक झाली म्हणून रान कुणाला परके करीत नाही. चिरंजीवाच्या छायाचित्रातील पोटाचा तो लाल पट्टा फार सुरेख उतरला आहे, हेही लिहिले पाहिजे. ते मामाने पुन्हा पुन्हा पाहिले. ती शीळ तेवढी मोबाइलमधून पुसून टाकावी.

श्रावणात सड्यावर फुले येतील, तेव्हा दोन दिवस सवड काढून घरी यावे. आजोबांची दुर्बीण फडताळातून काढून पुसून ठेवली आहे. डावे भिंग धुरकट झाले असले तरी उजव्यातून स्पष्ट दिसते. येताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणावा, देवराईत डास फार आहेत.