जंतूंची लोहचोरी

पुणतांब्याला गोदावरीच्या कोरड्या वाळूतून एकदा लोहचुंबक फिरवून पाहा. त्याला काळे कण मिशांसारखे चिकटतील. त्यांत मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचे एक ऑक्साइड असते. राहाता परिसरातील काळ्या मातीतही लोहाला तोटा नाही. आपल्या शरीरात शिरलेल्या जंतूवर मात्र लोहाच्या दुष्काळाची पाळी येते.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातील बरेचसे तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिनमध्ये अडकलेले. रक्तद्रवातील लोह ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन इतके घट्ट धरून ठेवते की, हिशेब केला तर लीटरभर रक्तद्रवात लोहाचा एखादा आयनही मोकळा सापडणे कठीण! आणि बहुतेक जंतूंचे तर लोहावाचून पान हलत नाही.

टायफॉइडचा जंतू आतड्याच्या अस्तरातून आत घुसतो आणि त्याला गिळणाऱ्या भक्षक पेशीतच बिऱ्हाड थाटतो. ती पेशी मग जंतूच्या कप्प्यातील लोह बाहेर उपसू लागते. जंतूही स्वस्थ बसत नाही. लोह पकडून आणणारे चिमुकले रेणू तो सोडतो.

१८९६ साली मुंबईत हाहाकार माजवणारा प्लेगचा जंतू या चोरीत फार तरबेज. त्याची ही शक्ती काढून घेतली, की तो दुबळा होतो. २००९ साली शिकागोत अशाच दुबळ्या वाणावर काम करणारा एक संशोधक प्लेगने दगावला. मृत्यूनंतरच्या तपासणीत आढळले, की शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार त्याला होता. जंतूला आयतेच लोह मिळाले असावे, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

संसर्ग झाला, की आपले यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त सोडते. त्यामुळे आतड्यातून रक्तात येणारे लोह रोखले जाते. शाळेत दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ताप, जुलाब, न्यूमोनिया असताना ती देऊ नये अशी सूचना आहे, ती याच्याशी जुळते. म्हणून गोळीच नको, असे मात्र कोणी म्हणू नये. पंडुरोग आपल्याकडे घरोघरी आहे, विशेषतः मुलींमध्ये. दुखणे ओसरले, की हेप्सिडिन घटते, आतड्याची वाट मोकळी होते आणि गोळीतले लोह पुन्हा हीमोग्लोबिनच्या कामी येते.