सुटीचे गाव

मुलांनो, सुटी लागली की तुम्ही नानीच्या किंवा खालाच्या घरी जाता. पण काही मुलांची सुटी दवाखान्यातच जाते. कर्करोगावरचे उपचार अनेक महिने चालतात. केस गळतात, अंगातली शक्ती कमी होते. इतर आजारांची लागण चटकन होते, म्हणून गर्दीत जाता येत नाही. घरातले सगळे त्या मुलाच्या काळजीत असतात. मग त्याच्या धाकट्या बहिणीची सहलही राहून जाते. तिच्याबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही.

गंभीर आजार असलेल्या अशा मुलांसाठी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात एक गाव वसवलेले आहे. त्याचे नाव 'गिव्ह किड्स द वर्ल्ड', म्हणजे 'मुलांना जग द्या'.

हे गाव वसवणारे हेन्री लँडवर्थ यांचा जन्म १९२७ साली बेल्जियममध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांना छळछावणीत डांबले. त्यांचे आईवडील मारले गेले. हेन्री आणि त्यांची जुळी बहीण तेवढी वाचली. खेळण्याबागडण्याचे वय छावण्यांतच संपले. युद्धानंतर ते अमेरिकेत गेले आणि हॉटेलात पडेल ते काम करत करत मोठे हॉटेल व्यावसायिक झाले.

एकदा त्यांच्याकडे सहा वर्षांच्या एका मुलीसाठी खोली मागण्यात आली. तिला रक्ताचा कर्करोग होता. मिकी माऊसला भेटावे, एवढीच तिची इच्छा होती. हेन्री यांनी खोली लगेच दिली. पण प्रवासाची बाकीची व्यवस्था होईपर्यंत बरेच दिवस गेले. त्या दिवसांतच ती मुलगी वारली. खोली रिकामी राहिली.

उर्दूत 'मुद्दत' म्हणजे बराच मोठा काळ. मराठीत 'मुदत' म्हणजे ठरलेला वेळ, तो संपतो. त्या मुलीची मुदत संपली होती.

आता कोणत्याही मुलाच्या बाबतीत असा उशीर होऊ द्यायचा नाही, असे हेन्री यांनी ठरवले. १९८६ साली त्यांनी संस्था स्थापन केली. आधी मुलांना हॉटेलांत उतरवत. १९८९ साली स्वतंत्र गाव उभे राहिले. आजारी मुलाबरोबर आईवडील आणि भावंडेही तेथे आठवडाभर राहतात. राहणे, जेवण, खेळनगरीची तिकिटे, सगळे मोफत! सकाळी नाश्त्यालाच आइस्क्रीम मिळते. तुमची अम्मी हे चालू देईल का? प्रत्येक आजारी मूल एका सोनेरी ताऱ्यावर आपले नाव लिहिते. तो तारा छतावर लावतात आणि तो तेथेच राहतो.

"हा पैसा औषधाला का दिला नाही?" असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. आठवडाभराच्या सुटीने कर्करोग बरा होत नाही. तो औषधांनी बरा होतो, आणि रक्ताचा कर्करोग झालेली अनेक मुले आज बरीही होतात. पण उपचारांत गेलेली वर्षे औषधाने परत मिळत नाहीत. ज्याचे स्वतःचे बालपण हिरावले गेले, त्या माणसाला हे डॉक्टरांइतकेच कळले असावे.

हेन्री लँडवर्थ २०१८ साली वारले. त्यांच्या गावात आजवर ७० पेक्षा जास्त देशांतील कुटुंबे राहून गेली आहेत.

शब्दार्थ : छळछावणी – कैद्यांचे हाल करण्याची जागा. डांबणे – कोंडून ठेवणे. हिरावणे – जबरदस्तीने काढून घेणे.

स्वाध्याय
१. खोली रिकामी का राहिली?
२. भावंडांनाही गावात का बोलावतात? तुमचे मत चार वाक्यांत लिहा.