ठिणगी दिसेनाशी होते, विझत नाही

बाळा, शेडमध्ये डस्ट कलेक्टर बसवतोयस, फार चांगलं करतोयस. शिरोलीपासून कागलपर्यंतच्या फाउंड्र्यांत फेटलिंगवाल्या कामगारांनी वर्षानुवर्षं ही धूळ छातीत घेतली आहे. पण पंखा धूळ ओढतो तशी ठिणगीही ओढतो, आणि जिथे बारीक धूळ, कोरडं कापड आणि भरपूर हवा एकत्र आहे नेमकं तिथे नेऊन सोडतो. त्यासाठी हे चार शब्द कानात ठेव.

ठिणगी आणि कलेक्टरमधली धूळ गाळणारी कापडी बॅग यांच्यामध्ये अंतर ठेव, आणि अडथळाही. ठिणगी म्हणजे लोखंडाचा पेटलेला कण, हजार अंशांच्या वर तापलेला. उघड्यावर तो हवा कापत जातो आणि निवतो. डक्टमध्ये मात्र हवाच त्याला घेऊन धावते, त्याच्याभोवतीची गरम हवाही सोबत चालते, म्हणून तो लवकर निवत नाही. सेकंदाला २० मीटर वेग धरलास तर १० मीटरचा पाइप अर्ध्या सेकंदात पार होतो. साध्या पॉलिएस्टरच्या बॅगेला सतत सोसवते ती उष्णता १३०-१३५ अंशांची. म्हणून नुसता लांब पाइप पुरत नाही. हुडनंतर लगेच मोठी पेटी लाव, तिच्यात आडवे पत्रे बसव. हवा वळली, घुसळली की कणाभोवतीचं गरम कवच सुटतं. जड कण खाली पडतात. मग सायक्लोन, आणि शेवटी बॅग. पाइपातला वेग मात्र कमी पडू देऊ नकोस. वेग घटला की धूळ डक्टमध्येच साठते आणि ठिणगीला तिथेच जळण मिळतं.

एका कलेक्टरला एकच काम दे. सुताराचा रंधा आणि तुझा ग्राइंडर एकाच पाइपवर नकोत. भुशात पडलेली ठिणगी तासन् तास आतल्या आत धुमसते. शेडला कुलूप लागल्यावर भडका उडतो. बफिंगच्या चाकाची कापसाची तुसंही तशीच. लोखंड आणि ॲल्युमिनियम तर कधीच एकत्र करू नकोस. रेल्वेचे रूळ थर्माइट वेल्डिंगने जोडतात, त्यात ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड यांचंच मिश्रण पेटवतात; लोखंड वितळून वाहू लागतं. तेच मिश्रण तू कलेक्टरच्या तळाशी, हॉपरमध्ये साठवायचं नाहीस. ॲल्युमिनियमच्या जॉबला चाक वेगळं, हुड वेगळा, कलेक्टर वेगळा.

ठिणगी दिसत नाही म्हणून ॲल्युमिनियमवर भरवसा ठेवू नकोस. घासताना ते शांत दिसतं, पण त्याची बारीक पूड हवेत उडाली तर बारुदासारखी फुटते. चीनमधल्या कुनशान शहरात २ ऑगस्ट २०१४ रोजी मोटारीची ॲल्युमिनियमची चाकं पॉलिश करणारा कारखाना असाच उडाला. १४६ माणसं गेली. चौकशीत निघालं ते असं: कलेक्टर वेळेवर साफ केला नव्हता, साठलेली पूड ओलसर झाली, ओलीमुळे ती आतून तापत गेली आणि पेटली. आपल्याकडे जूनपासून चार महिने हवा ओली असते, पत्रे गळतात. तेव्हा पावसाळ्याआधी कलेक्टरवरचं छप्पर बघ आणि पूड रोजच्या रोज बाहेर काढ. ॲल्युमिनियमसाठी पाण्याचा कलेक्टर घेतलास तर त्यात हायड्रोजन तयार होतो. त्याला बाहेर जायला कायम मोकळी वाट हवी, आणि गाळही रोज काढायला हवा.

झाड, हवा मारू नकोस. शिफ्ट संपली की एअर गनने शेड साफ करायची सवय मोडून काढ. जमिनीवरची धूळ निजलेली असते. हवा मारलीस की तिचा ढग होतो. कैच्या, तुळया, ट्यूबलाइटची पाठ, केबलचे ट्रे इथे हात फिरवून बघ. पाऊण मिलिमीटरचा थर मोठ्या जागेवर पसरला, तर तेवढाही धोक्याचा मानतात. पहिला स्फोट लहान असतो. त्याच्या धक्क्याने वरची धूळ खाली येते आणि दुसरा स्फोट शेड उडवतो.

पीव्हीसीचा पाइप स्वस्त पडतो म्हणून घेऊ नकोस. धूळ घासून त्याच्यावर स्थिर वीज साठते. पत्र्याचा डक्ट घे, प्रत्येक जोडावर तांब्याची पट्टी टाक आणि अर्थिंग मोजून घे.

काम थांबल्यावर पंखा थोडा वेळ चालू ठेव, म्हणजे डक्ट रिकामा होईल. त्यानंतर तासभर एक माणूस शेडमध्ये थांबायला हवा. कलेक्टरच्या अंगाला त्याने हात लावून बघावा. गरम लागला तर आत काहीतरी जळतंय.

धूर दिसला तर आधी पंखा बंद, मग बॅग झटकणारी पल्सची हवा बंद. दार उघडून आत डोकावायचं नाही. नवी हवा गेली की धुमसणं भडकतं. माणसं बाहेर काढ, १०१ ला फोन कर आणि आत कोणता धातू आहे ते आधी सांग. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम जळत असेल तर पाणी नाही, सीओटूही नाही. त्यासाठी ‘डी’ वर्गाची पावडर वेगळी मिळते, ती भिंतीला टांगून ठेव. बाहेर सांडलेली थोडी पूड पेटली तर कोरडी वाळू अलगद घाल. फेकलीस तर पूड उडेल.

१९४८ सालच्या कारखाना कायद्यात कलम ३७ याच धोक्यासाठी घातलं होतं: धूळ साठू द्यायची नाही, आणि पेट घेण्याचं प्रत्येक कारण तिच्यापासून दूर ठेवायचं. कागदावर सही सगळेच करतात. तू हे सगळं ग्राइंडरवर उभ्या असलेल्या पोराला सांग, तो बिहारचा असेल तर हिंदीत सांग. आणि धूर दिसला, वास आला, तर कुणाला न विचारता मशीन बंद करायचा हक्क त्याला पहिल्याच दिवशी दे. त्या बंदमुळे माल एक दिवस उशिरा गेला तरी त्याला एक शब्द बोलू नकोस. एकदा रागावलास, तर पुढच्या वेळी तो तुला विचारायला येईल आणि तेवढ्यात वेळ निघून गेलेली असेल.