ठोक आकडा कधी धरावा?

मंडळी, बाजारातून आल्यावर घरी विचारतात, "किती खर्च झाला?" आपण सांगतो, "पाचशे झाले बघा." खरा खर्च असतो ४८७ रुपये. मग आपण खोटे बोललो का? नाही. आपण जवळचा ठोक आकडा सांगितला.

ठोक आकडा कसा धरायचा? ४८७ ही संख्या ४८० आणि ४९० यांच्या मध्ये आहे. तिचा शेवटचा अंक पाहा. तो ५ किंवा त्याहून मोठा असला, तर वर जायचे. लहान असला, तर खाली यायचे. इथे ७ आहे. म्हणून दहाच्या हिशेबाने ४९०. शंभराच्या हिशेबाने पाहिले, तर ८७ हे ५० हून जास्त. म्हणून ५००.

दशांश चिन्हाचेही तसेच. चिन्हाच्या लगेच पुढचा अंक पाहायचा. ४२.४ किलो म्हणजे सुमारे ४२. ४२.६ किलो म्हणजे सुमारे ४३.

नियम सोपा आहे. पण फसगत होते ती इथेच!

समजा, तुम्ही कापसाची चार गाठोडी काट्यावर घातली. वजने भरली ४२.४, ३८.३, ४५.४ आणि ४०.४ किलो. व्यापाऱ्याने पट्टीवर लिहिले ४२, ३८, ४५ आणि ४०. बेरीज १६५. प्रत्येक आकडा नियमाला धरून आहे. आता खरी बेरीज करा. ती येते १६६.५ किलो. दीड किलो कापूस गेला कुठे? किलोला ७० रुपये दर धरला, तरी १०५ रुपये बुडाले. घामाचे पैसे ते!

असेच आण्यांचे झाले होते. १ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून एका आण्याचे ६ पैसे धरत. चार आण्यांचे मात्र बरोबर २५ होत. एकेक आणा चार वेळा मोडला, तर हाती २४ च येत. एक पैसा वाटेतच जिरला.

म्हणून आम्ही सांगतो, अंदाज सांगताना ठोक आकडा खुशाल धरा. देण्याघेण्यात मात्र आधी खरे आकडे मांडा, त्यांची बेरीज करा, दराने गुणा. ठोक करायचेच असेल, तर अगदी शेवटी, एकदाच करा. आणि पट्टी वाचल्याशिवाय पैसे घेऊ नका. वाचायला शिकलो ते कशासाठी?

सराव : तीन कॅनमध्ये ६.४, ५.३ आणि ७.२ लिटर दूध आहे. आधी एकेक आकडा ठोक करून बेरीज करा. मग खरी बेरीज करून ती ठोक करा. पहिले उत्तर १८ येईल, दुसरे १९. खरे दूध किती, ते तुम्हीच सांगा.