टेनोफोविर आणि अंगावरचे दूध

प्रश्न : सातव्या महिन्यात हिपॅटायटिस-बीसाठी टेनोफोविर सुरू झाले. बाळाला अंगावर पाजू नये, असे सासूबाई म्हणतात. गोळ्या सोडू का?
— एक भगिनी, सातारा

उत्तर : भगिनी, सासूबाईंची धास्ती स्वाभाविक असली तरी निराधार आहे, कारण गर्भवतींच्या प्रदीर्घ अनुभवाने निर्धोक ठरलेले हे औषध दुधात इतक्या अत्यल्प प्रमाणात उतरते की, त्यापायी स्तनपान वर्ज्य करण्याचे प्रयोजन नाही. बाळाचे खरे संरक्षण, औषधाच्या जोडीने, जन्मानंतर २४ तासांच्या आत, शक्यतो १२ तासांतच, द्यावयाची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन यांवर अवलंबून असल्यामुळे, त्यांची तजवीज प्रसूतिगृहात आगाऊ करावी. स्तनाग्राला भेग पडून रक्त आल्यास त्या बाजूचे पाजणे तेवढे तहकूब ठेवावे. गोळ्या मात्र परस्पर सोडू नयेत. तसे केल्यास यकृतदाह एकाएकी उसळू शकतो.