भट्टीपाशी गेलेली वर्षे

चेन्नईच्या टी. नगरमध्ये सोन्याच्या पेढ्या दाटीने उभ्या आहेत. अशा पेढ्यांसाठी जुने सोने वितळवून शुद्ध करणे म्हणजे गलाई. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील गलाई कारागीर तमिळनाडूसह देशभर विखुरले आहेत. नातलगाच्या हाताखाली, भट्टीपाशी त्यांची उमेदवारीची वर्षे जातात. शाळेनंतरच्या, विद्यापीठाबाहेरील शिक्षणाची ‘अपेक्षित वर्षे’ काढताना मात्र संस्थेच्या पटावरील नावेच मोजतात. दहा तरुणांपैकी एकानेच दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला, तर सरासरी ०.२ वर्षे येते. भट्टीपाशी शिकलेला तरुण या हिशेबात शून्यच! अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत झाली. परंतु त्या प्रमाणपत्राने वर्षांच्या रकान्यात भर पडत नाही.