हार्ड डिस्कचे विभाग आणि त्यांची नावे

संगणकातील हार्ड डिस्क अखंड न वापरता तिचे विभाग पाडण्याची पद्धत आहे. एका विभागात संगणक चालविणारी प्रणाली व दुसऱ्यात कागदपत्रे ठेवली, म्हणजे प्रणाली नव्याने बसवावी लागली तरी कागदपत्रांस धक्का पोहोचत नाही. युनिक्सच्या घराण्यातील प्रणालींत हे सर्व विभाग एकाच निर्देशिका-वृक्षाच्या निरनिराळ्या फांद्यांना जोडलेले असतात.

लिनक्समध्ये डिस्कांना सामान्यतः ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे मिळतात व विभागांसाठी त्यांपुढे १, २ असे अंक लागतात. परंतु ही नावे त्या डिस्कांची स्वतःची नव्हेत. संगणक सुरू होताना जी डिस्क आधी आढळते, ती ‘एसडीए’ ठरते. वर्गातील मुलांना दारातून आत येण्याच्या क्रमाने हाक मारावी, तसाच हा प्रकार होय. नवी डिस्क जोडली किंवा तार दुसऱ्या खाचेत बसविली, की क्रम पालटू शकतो.

समजा, एका ग्रंथालयाची सूची ‘एसडीए१’वर आहे आणि तिची प्रत दररोज रात्री ‘एसडीबी१’वर उतरविली जाते. सायंकाळी संगणक पुन्हा सुरू करताना क्रम उलटला, तर त्या रात्री कालची जुनी प्रत आजच्या मूळ सूचीवर उतरेल. आज्ञेत अक्षराचीही चूक नसता दिवसभराच्या नोंदी पुसल्या जातील.

यावर उपाय म्हणजे विभागावरच त्याचे नाव लिहिणे. एक्स्ट४ पद्धतीच्या विभागासाठी ‘ई-टू-लेबल’ ही आज्ञा आहे. तिने दिलेले नाव, म्हणजे लेबल, विभागातच नोंदले जाते; डिस्क कोठेही जोडा, ते तिच्याबरोबर जाते. कोणता विभाग कोणत्या निर्देशिकेस जोडावा हे सांगणारा ‘एफएसटॅब’ नावाचा तक्ता असतो. त्यात ‘एसडीए१’ऐवजी हे लेबल लिहावे.

एक्स्ट४मध्ये लेबलासाठी १६ बाइट जागा असते. रोमन अक्षराला १ बाइट पुरतो. यूटीएफ-८ लेखनात देवनागरीचे अक्षर, मात्रा, अनुस्वार व हलन्त यांस प्रत्येकी ३ लागतात. म्हणून ‘सूची’ १२ बाइटांत बसते, ‘ग्रंथसूची’ला मात्र २७ लागतात व ती मावत नाही. मराठीत लेबल देणाऱ्याने आखूड शब्दच शोधावा. तो शब्द आतील मजकुरावरून घ्यावा. ‘मोठी’ हे नाव त्याहून मोठी डिस्क येईपर्यंतच खरे.

दोन विभागांना एकच लेबल दिल्यास प्रणाली कोणता निवडील याची खात्री नसते. त्यासाठी प्रत्येक विभागाला ‘यूयूआयडी’ हा १२८ बिटांचा ओळखक्रमांकही असतो. तो ३२ चिन्हांत लिहितात. माणसाच्या तो ध्यानात राहणे कठीण, पण यंत्राला सोयीचा. मात्र विभागाची बाइटागणिक नक्कल केली, तर लेबल व ओळखक्रमांक दोन्ही नकलेत उतरतात. अशा वेळी मूळ डिस्क काढून ठेवून नकलेस आधी नवे लेबल व नवा क्रमांक द्यावा, आणि मगच दोन्ही डिस्का एकत्र जोडाव्यात.